मालकाला कन्नड येत नाही

चामराजपेट, बेंगळूरु
१९ जानेवारी २०२५, रविवार

पिराजी,

फोन बंद करून बसलायस म्हणून कागद घेतला. तुझ्या कुस्ती-शोच्या कंपनीच्या पुण्यातल्या जिमचा पत्ता नेटवर मिळाला. पोचलं तर पोचलं.

आधी कालच्या 'महायुद्ध'बद्दल बोलते. ते बोलल्याशिवाय मला आज भाकरी गोड लागायची नाही. पहिलीच कुस्ती चौघाचौघांची कशाला लावली गा? कोण कुणाला मारतोय, कोण कुणाच्या बाजूने आहे, काही पत्ता लागेना. बाजारात सिटी बस थांबल्यावर होतं तसं झालं सगळं. मग बायकांची कुस्ती. ती हुबळीची पोरगी वरच्या दोरावरून उडी मारून आली तेव्हा मी शिट्टी मारली. पण असल्या पोरीला वेळ किती दिला? नीट घाम यायच्या आत घंटा! आणि पट्ट्याच्या कुस्तीत तुमचा तो चॅम्पियन उभा कमी आणि आडवा जास्त होता. त्याला घरी पाठवा आता. धूर सोडून, फटाके उडवून म्हातारपण झाकत नाही.

आता तुझं. 'मालक' म्हणून तू आलास तो लाल कोट कोणी शिवला? खांदे उतरलेत, पाठीवर चुणी पडते. बहीण रोज ब्लाउज शिवते आणि भाऊ असला कोट घालून पाच हजार माणसांसमोर उभा राहतो! पण माइक हातात घेऊन तू नुसता उभा राहिलास ना, तोंडातून शब्द न काढता, ते मला फार आवडलं. लोक ओरडून ओरडून दमले, तेव्हा तू हळूच बोललास. "मी तुमच्या गावात राहणार. तुमचं खाणार. पण तुमच्या भाषेचा एक शब्द तोंडातून काढणार नाही. गरज असेल तर तुम्ही माझी शिका." आणि हे सगळं मराठीत, बेंगळूरुत! छप्पर खाली येतंय की काय असं वाटलं. मी पण उभी राहून तुझी हुर्यो उडवली, घसा बसलाय माझा. चांगला माणूस रिंगमध्ये कोणीही होतो. वाईट व्हायला डोकं लागतं, आणि ते तुझ्याकडे लहानपणापासून आहे.

निपाणीच्या कन्नड शाळेत भाषणाला दरवर्षी पहिला येणारा पिराजी, आणि मालकाला म्हणे कन्नड येत नाही! मला हसूच आवरेना. तुझे दाजी मात्र हसले नाहीत. ते बुटांकडे बघत बसले होते.

मटण केलं होतं. तू येणार म्हणाला होतास. वाट बघितली, फोन लावला, मग झाकून ठेवलं. कंपनीची गाडी लगेच निघाली असेल, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. पण दोन ओळी लिही.

तुझी अक्का

२८ जानेवारी, मंगळवार

पिराजी,

तुझं उत्तर नाही. असू दे.

तो व्हिडिओ तू बघितला असशीलच. कुठल्या शहाण्याने कापला कोण जाणे, त्यात रिंग नाही, दोर नाहीत, कोट पण दिसत नाही. नुसता तुझा चेहरा, आणि 'तुमच्या भाषेचा एक शब्द बोलणार नाही'. खाली कन्नडमध्ये अर्थ लिहिलाय. मला तो सगळ्यात आधी कोणी दाखवला सांगू? आमच्या घरमालकीणबाईंनी, धनलक्ष्मीअम्मांनी. मी त्यांचा ब्लाउज द्यायला खाली गेले होते. त्यांना कुस्तीतलं काही कळत नाही. त्यांना वाटलं, हा कोणी ऑफिसात काम करणारा माणूस आहे आणि रस्त्यावर उभा राहून बोलतोय. मी म्हटलं, अम्मा, हा खेळ आहे, ह्यात एक वाईट असतो आणि एक चांगला असतो, आधी सगळं ठरलेलं असतं. त्या म्हणाल्या, "ठरवून बोलला? म्हणजे विचार करून बोलला?"

ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "आम्ही काय वाईट केलं पद्मा? मला तुमची भाषा येत नव्हती, तरी तुझ्याशी बोलायला मी चार शब्द शिकले की." आणि खरंच शिकल्यात रे. 'जेवलीस का' म्हणतात, 'बस की' म्हणतात. त्यांचे यजमान शिवकुमार सर आतून बाहेर आले आणि म्हणाले, असल्या माणसाला आणि त्याच्या लोकांना मी दारात उभं करणार नाही. हे माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत, असंच मोघम म्हणाले.

मग अम्मांनी मला एक विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं आणि वर आले.

तुझ्या मुलाखतीची वाट बघत होते. वाटलं, आता हा आपल्या कन्नडमध्ये सांगेल की मी निपाणीचा, ही माझी भाषा आहे, तो नुसता खेळ होता. काल ती मुलाखत आली. तोच गॉगल, तीच मान वर. "मालक माफी मागत नाही." झालं! रिंगच्या बाहेर पण भूमिका सोडायची नाही, हा तुमचा नियम मला पाठ आहे, मला शिकवू नकोस. कुस्तीची शौकीन म्हणून सांगते, काम एक नंबर झालं. बहीण म्हणून मी कपाळ बडवून घेतलं.

काळजी घे. एकटा फिरू नकोस.

तुझी अक्का

१६ फेब्रुवारी, रविवार

पिराजी,

आज भिंतीवर पोस्टर बघितलं. 'मालक विरुद्ध रविकिरण, २२ मार्च, बेंगळूरु'. रविकिरणच्या गळ्यात कन्नड झेंड्याचा लाल-पिवळा शेला आणि तुझा चेहरा काळा करून छापलाय. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि तिथंच उभी राहिले.

येऊ नकोस. हेच सांगायला लिहायलेय. बाकी काय लिहीन ते नंतर वाच, पण हे आधी वाच. येऊ नकोस.

मी बत्तीस वर्षं हे खेळ बघते. लोक मजेने शिव्या देतात तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू असतं. शेजारच्याला कोपर मारून ओरडतात, मग पॉपकॉर्न खातात. जानेवारीत ते तसंच होतं. आता चौकात, रिक्षात, पिठाच्या गिरणीत तुझं नाव निघतं तेव्हा कोणी हसत नाही. ह्यातले निम्मे लोक स्टेडियममध्ये आयुष्यात पहिल्यांदा येणार आहेत, आणि ते खेळ बघायला येणार नाहीत. एखाद्याने दगड आणला तर? तुझी कंपनी काय करील? दगडाचा पण व्हिडिओ काढील!

आणि इथलं ऐक. मी लपवत होते, पण आता सांगते. तुझे दाजी बोम्मसंद्र्याच्या कंपनी बसमध्ये कोणाशी मराठीत बोलत नाहीत. त्यांच्यासोबत खानापूरचा एकजण जातो, दोघं इतकी वर्षं गप्पा मारत जायचे. आता दोघं खिडकीबाहेर बघत जातात. कोणी काही म्हणालेलं नाही हं. कोणी बोट पण लावलेलं नाही. आमचं आम्हीच घाबरलोय. जिन्यात मी मराठी बोलत नाही, फोन आला तर दार लावून घेते. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या बायका येतात, माप देतात आणि जातात. पूर्वी बसायच्या.

तीन दिवसांपूर्वी दाजींनी कबूल केलं. त्या दिवशी शो संपल्यावर त्यांनीच तुला फोन केला होता आणि 'घरी येऊ नकोस' म्हणून सांगितलं होतं. लोक बाहेर अजून तापलेले आहेत, कोणी मागून आलं तर, असं त्यांना वाटलं. मला मटण झाकून ठेवताना बघत होते आणि गप्प बसले होते! मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण पिराजी, ते वाईट नाहीत. भित्रे आहेत थोडे, आणि आता मला पण कळतंय का ते.

कारण माझं पण ऐक. गेल्या पत्रात लिहिलं होतं ना, अम्मांनी मला एक विचारलं? त्यांनी विचारलं होतं, "हा दसऱ्याला तुझ्याकडे आला होता तो मुलगा तर नाही? डोळे तसेच वाटतात." शिवकुमार सर समोर उभे होते. तू दसऱ्याला आलास तेव्हा तुला दाढी नव्हती, केस बारीक होते. मी म्हणाले, "नाही अम्मा. तो माझा कोणी नाही."

वर आले आणि शिलाई मशीनवर बसले. तीच शिवण दोनदा उसवली.

मला हे लिहायला लाज वाटते. पण तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळू दे. आता सगळी गल्ली म्हणते, पद्माचा त्याच्याशी काही संबंध नाही. तरी अम्मा मधूनमधून माझ्याकडे बघत राहतात. त्यांच्या मनात अजून शंका असेल.

शिवकुमार सरांनी सगळ्या गल्लीची तिकिटं काढलीत. रविकिरण मालकाला कसा तुडवतो ते बघायला आम्ही सगळे जाणार. नाही म्हणायची सोय नाही. तेव्हा तू येऊ नकोस. पाय मुरगळला म्हण, ताप आला म्हण.

अक्का

२४ मार्च, सोमवार

पिराजी,

तू आलासच.

कुस्तीबद्दल आधी लिहिते, नाहीतर मला पुढचं लिहिता येणार नाही. रविकिरण ताकदीचा आहे, पण त्याला पडायचं कसं कळत नाही. त्याला उचलून तूच सांभाळत होतास, खाली टाकताना त्याच्या मानेखाली तुझा हात होता. हे त्या हजारो लोकांत किती जणांनी बघितलं? मी बघितलं. शेवटी तू पाठीवर पडलास आणि पंचाने तीनदा हात आपटला, तेव्हा आमची गल्ली एकमेकांच्या गळ्यात पडली. शिवकुमार सर रडले. खरं सांगते, कुस्ती फार सुंदर झाली. हरणं असं पाहिजे की समोरच्याला वाटलं पाहिजे आपणच जिंकलो.

पण ते नंतरचं. आधीचं लिहिते.

तू माइक घेऊन कठड्यावरून प्रेक्षकांत आलास. बाटल्या पडायल्या होत्या, एक तुझ्या कानाजवळून गेली. तू एकेका रांगेला हिणवत हिणवत आलास. आमच्या रांगेसमोर आलास. तुझी नजर माझ्यावर पडली. मी तुला लहानपणापासून ओळखते, तू दचकलास. बाकी कोणाला कळलं नसेल. शेजारी अम्मा होत्या, त्या माझ्याकडे बघत होत्या, तुझ्याकडे नाही. चहूबाजूंनी फोन वर झालेले. मला वाटलं, आता हा 'अक्का' म्हणणार. आणि देवाशपथ, मला तेच पाहिजे होतं. सगळं गेलं खड्ड्यात, म्हण एकदा, असंच वाटलं.

तू माइक तोंडाजवळ नेलास आणि माझ्याकडे बोट केलंस. "ही बघा! ही बघा कन्नडवाली! डोळे वटारून बघते माझ्याकडे! ए बाई, तुझ्यासारख्या बायका माझ्या घरी भांडी पण घासत नाहीत!"

सगळं स्टेडियम माझ्या बाजूने उठलं. लोक मला म्हणत होते, सोडू नका अम्मा, सोडू नका. आणि मी काय केलं? अम्मांच्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि तुझ्या तोंडावर रिकामी केली. "होगलो!" म्हणून ओरडले, चालता हो म्हणून. तू मागे सरकलास, लटपटलास, पाणी पुसत पळालास. कुठं पळायचं, किती पळायचं, सगळं बरोबर. ठरवून केलं असतं तरी इतकं चांगलं झालं नसतं.

माझी पत्रं पोचली होती. तू सगळी वाचलीस. मी गल्लीत जे सांगितलं होतं, ते तू सगळ्या गावासमोर खरं करून दिलंस. एवढ्या दिवसांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, आणि उत्तर दिलंस ते हे!

दाजी शेजारीच होते. घरी आल्यावर ते बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून कितीतरी वेळ आत राहिले. त्यांना रडताना मी कधी बघितलं नाही, परवा पण बघितलं नाही. पण डोळे लाल होते.

पद्मावती

३१ मार्च, सोमवार

पिराजी,

आता मी गल्लीची राणी आहे. तुझ्यावर पाणी फेकल्याचा व्हिडिओ प्रत्येकाच्या फोनवर आहे. फुलवाली मला गजरा फुकट देते. गिरणीत माझा डबा पुढे घेतात. बायका परत बसायला लागल्यात, हसतात, माझ्या पाणी फेकण्याची नक्कल करतात. शिवकुमार सर म्हणाले, "हे घर तुमचंच समजा, हवं तितकी वर्षं राहा." बसमध्ये दाजींना लोक खिडकीची जागा देतात. तू जे करायला आलास ते सगळं झालं.

आणि मला जेवण जात नाही.

काल उगादी होती. तुला माहीत आहे, आपला पाडवा. धनलक्ष्मीअम्मांनी होळिगे केल्या, आपल्या पुरणपोळ्याच त्या, आणि आम्हाला दोघांना खाली जेवायला बोलावलं. त्यांचे पाहुणे आले होते. अम्मांनी त्यांना तो व्हिडिओ दाखवला, "ही आमची पद्मा" म्हणून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पानावर बसले होते. तुझं तोंड दिसत होतं, त्यावरून पाणी गळत होतं, आणि समोर पोळीवर तूप वाढलेलं. दाजी माझ्याकडे बघत होते. त्यांनी मान हलवली, थोडीशीच. सांग, म्हणून.

मी म्हणाले, "अम्मा, तो माझा भाऊ आहे. सख्खा. दसऱ्याला आला होता तो हाच. मी तुमच्याशी खोटं बोलले."

मग काय झालं सांगू? अम्मा हसल्या. उठून माझ्याजवळ आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "अय्यो पद्मा, तुझं मन किती मऊ गं! त्याने एवढं घाण बोलून पण तुला त्याची दया येते. गल्लीने त्याला शिव्या द्यायचं थांबवावं म्हणून भाऊ म्हणतेस होय?" पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी जास्तच थोर झाले!

मी वर पळत गेले, तुझा दहावीचा फोटो घेऊन आले. अम्मांनी चष्मा लावून बघितला आणि म्हणाल्या, "किती गोड मुलगा आहे. हा कुठे आणि तो कुठे." मी म्हणाले, अम्मा, हा कन्नड शाळेत शिकलाय, भाषणात दरवर्षी पहिला यायचा, माझ्यापेक्षा चांगलं कन्नड बोलतो. तर शिवकुमार सर म्हणाले, "मग झालं तर! त्या मालकाला कन्नडचं एक अक्षर येत नाही. त्याने स्वतः सांगितलंय."

दाजींनी पण सांगून बघितलं. त्यांना सर म्हणाले, तुम्ही नवराबायको दोघं पण साधे आहात.

मला हसावं की रडावं कळेना. तुझं काम इतकं चांगलं झालंय की तू आता कोणाचाच राहिला नाहीस. तू वाईट आहेस एवढंच सगळ्यांना माहीत आहे. आणि मला ते सहन होत नाही, पिराजी. मी तुला वर्षानुवर्षं टाळ्या वाजवल्या, पण हे मला नको होतं.

माझ्यातली शौकीन बाई सांगते, भूमिका सोडू नको, पुढच्या 'महायुद्ध'मध्ये पट्टा तुझाच आहे. तिचं ऐकू नकोस. मला कळतं की कंपनी तुला काढून टाकेल, मला कळतं की आमचं हे घर जाईल. गेलं तर दुसरं बघू. जयनगरला बघू, नाहीतर तिकडे बोम्मसंद्र्याकडे बघू. मशीन कुठेही चालते माझी. दाजी म्हणालेत, स्टेशनवर मीच आणायला जातो त्याला, सगळ्यांसमोर.

मी सांगून भागत नाही आता, तूच ये. दिवसाढवळ्या ये, दाढी काढून ये. वर माझ्याकडे यायच्या आधी खालच्या दारावर थांब. धनलक्ष्मीअम्मा दार उघडतील. त्यांना तुझ्या तोंडाने सांग, कन्नडमध्ये, की मी पद्माचा भाऊ. मग त्या तुला शिव्या देऊ देत, दार तोंडावर आपटू देत, आम्हाला घराबाहेर काढू देत. पण त्यांना कळू दे. मी जिन्यात उभी असेन.

तुझी अक्का